एकदाच हातात येणारा बोका: चावल्याच्या जखमेची एक केस

घडलेली केस आहे, माणसं आणि जागा ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत. औषधांची नावं आलीत पण डोस मुद्दाम दिलेले नाहीत, ते वजन बघून डॉक्टरच ठरवतात.

पार्श्वभूमी

भुऱ्या हा साधारण चार-पाच वर्षांचा, नसबंदी न झालेला बोका. कुणाचाच नाही आणि म्हटलं तर सगळ्यांचा. एक काकू त्याला सकाळ-संध्याकाळ खायला घालतात, तो त्यांच्या पायरीपर्यंत येतो पण हात लावू देत नाही, वाटी ठेवून चार पावलं मागे सरकलं की मगच तोंड घालतो. गालफडं भरलेली, दोन्ही कानांच्या कडा फाटलेल्या, नाकावर जुने ओरखडे, म्हणजे मारामाऱ्या त्याला नवीन नव्हत्या. मधे त्या भागात एक काळा बोका आला, तोही नसबंदी न झालेला, आणि रात्री-अपरात्री दोघांची गुरगुर सुरू झाली. एका रात्री झटापट चांगलीच झाली, काकूंनी वरून पाणी टाकून दोघांना पांगवलं.

काकूंच्या घरात एक म्हातारी मांजरही आहे, ती बाहेर जात नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो कारण पुढे एका निर्णयात तिचा संबंध येतो. माझा संबंध एवढाच की आमच्याकडे मांजर पकडायचा पिंजरा असतो आणि अशा वेळी लोक फोन करतात.

आधी काय दिसलं

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी भुऱ्या मागचा उजवा पाय जपून टाकत होता. रक्त नाही, जखम नाही. शेजारच्यांचं म्हणणं गाडीचा धक्का लागला असेल, आणि लंगडणारं मांजर बघून पहिलं तेच डोक्यात येतं. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने वाटीला तोंड लावलं नाही, आणि मग तो दिसेनासाच झाला. शोधल्यावर भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या फळ्यांच्या मागे सापडला, अंग आखडून, डोळे अर्धे मिटून बसलेला.

फोनवर काकूंना मी एवढंच म्हटलं की जवळ जाऊ नका, मोबाईलचा कॅमेरा झूम करून शेपटीच्या बुडाजवळचा फोटो काढा. फोटोत बघण्यासारखं फार नव्हतंच. शेपटीच्या उजव्या बाजूला केस एकत्र चिकटून त्यांची टोकं उभी झालेली, त्यात मोहरीएवढी काळपट खपली, आणि नीट बघितलं तर उजवा पुठ्ठा डाव्यापेक्षा फुगलेला.

हीच चावल्याची खूण. मांजराचा सुळा बारीक आणि लांब असतो, तो इंजेक्शनच्या सुईसारखा आत जातो, तोंडातले जंतू (पाश्चुरेला आणि हवेशिवाय वाढणारे बरेच) खोलवर सोडून बाहेर येतो, आणि वरची कातडी एक-दोन दिवसांत बंद होते. आत मात्र पू साठायला लागतो, गळू साधारण दोन ते पाच दिवसांत दिसायला लागतं. पळ काढणाऱ्याला चावा बहुतेक शेपटीच्या बुडाशी किंवा मागच्या पायावर बसतो, समोरासमोर भिडणाऱ्याला तोंडावर आणि पुढच्या पायांवर. म्हणजे त्या रात्री हरलं कोण तेही कळलं.

कुत्र्याचा चावा असता तर हिशोब वेगळा झाला असता. कुत्रा धरून झटकतो, वर दोन भोकं आणि आत स्नायू फाटलेले, बरगड्या मोडलेल्या असं असू शकतं, तिथे गळवाची वाट बघत बसायचंच नसतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, जो बहुतेकांना आवडतो, तो म्हणजे थांबणं. "मांजरं आपोआप बरी होतात" हे अगदीच खोटं नाही, गळू फुटून पू वाहून गेला की बरीच बरी होतातही. पण भुऱ्या खात नव्हता. दोन-तीन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठायला लागू शकते आणि मग जखमेपेक्षा तेच जड जातं. शिवाय गळू बाहेरच फुटेल याची खात्री नसते, पू कातडीखालून पसरतो, कधी रक्तात जातो.

दुसरा, घरच्या घरी काहीतरी. एका शेजाऱ्यांनी तापाची अर्धी गोळी दुधातून द्यायची तयारी केली होती, ती काकूंनी अडवली हे फार बरं झालं. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवून बाहेर टाकायची जी यंत्रणा माणसाच्या लिव्हरमध्ये असते ती मांजरात जवळपास नाहीच, त्यामुळे रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन वाहायच्या बंद होतात, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं, आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही नको. पाण्यात टाकलं की दुधाळ होतं ते घरातलं जंतुनाशकही नको, मांजर अंग चाटतं आणि ते पोटात जातं. हायड्रोजन पेरॉक्साइड फेस येतो म्हणून लोकांना भारी वाटतं, पण ते जंतूंबरोबर भरत आलेली जखमही जाळतं. आणि मुळात पू आत असताना बाहेरून काय लावणार?

तिसरा पर्याय, डॉक्टरांनाच तिथे बोलवायचं. हात न लावू देणाऱ्या बोक्याला फळ्यांमागे कुणी तपासू शकत नाही, तो पर्याय तिथेच संपला.

राहिलं पकडून दवाखान्यात नेणं. त्यात मी एक गोष्ट गृहीत धरायला सांगितली, जी मी अशा प्रत्येक केसमध्ये सांगतो: हा एकदाच हातात येणार आहे. पिंजऱ्याचा अनुभव आलेला बोका बरा होऊन बाहेर गेला की परत पिंजऱ्याकडे फिरकायचा नाही. म्हणजे रोज गोळी, चार दिवसांनी ड्रेसिंग, दहा दिवसांनी टाके, दोन महिन्यांनी टेस्ट असा पाळीव मांजराचा प्लॅन इथे चालत नाही. जे काही करायचंय ते या एका पकडीत बसवायचं. पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यातून निघाले, काही सोपे झाले, काही फारच अवघड.

पकडताना

पिंजऱ्याचं नेहमीचं तंत्र म्हणजे भुकेल्या मांजराला वासाच्या खाण्याने आत ओढणं. तापाने फणफणलेल्या बोक्याला भूकच नसते. पिंजरा लावला, मासळीच्या वासाचं वेट फूड आत ठेवलं, आणि दुसरीच दोन मांजरं येऊन अडकली.

तेवढ्यात काकूंच्या भाच्याने धीर सोडला आणि जाड टॉवेल घेऊन हात घातला. भुऱ्या त्याच्या बोटाला चावला, टॉवेलच्या आरपार. दोन ठिपके, थेंबभर रक्त. तो म्हणाला काही नाही, धुतो. मी म्हटलं, दादा, नळाखाली धर, साबण लावून पूर्ण १५ मिनिटं, घड्याळ लावून, आणि तिथून थेट डॉक्टरकडे.

यावर घरात बरीच वादावादी झाली. पण जे भुऱ्याच्या पुठ्ठ्यात झालं तेच माणसाच्या बोटात होतं, भोक लहान आणि जंतू खोल, वर सांधा आणि स्नायूबंध अगदी जवळ. संध्याकाळपर्यंत बोट टरारून सुजलं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलं आणि रेबीजची लस त्याच दिवशी, "बघू बोक्याचं काय होतंय" असं म्हणत न थांबता. लस न घेतलेलं, नुकतंच दुसऱ्या प्राण्याने चावलेलं मांजर माणसाला चावलं तर थांबण्यासारखं काही नसतंच.

आणि या चाव्याने भुऱ्याचंही गणित बदललं. चावणारं मांजर १० दिवस नजरेसमोर ठेवायचं असतं, कारण चावतेवेळी लाळेत रेबीजचा विषाणू असेल तर तेवढ्या दिवसांत ते मांजर आजारी दिसतं किंवा मरतं. त्यामुळे "जखम साफ करून दोन दिवसांत सोडून देऊ" हा काकूंचा बेत बाद झाला. आता १० दिवस तरी आत.

शेवटी पकडला तो खाण्याशिवाय. फळ्यांच्या मागच्या जागेला दोनच तोंडं होती. एका तोंडाला पिंजरा अगदी चिकटवून लावला, बाजूच्या फटी पुठ्ठ्याने बुजवल्या, पिंजऱ्यावर गडद चादर टाकली म्हणजे आतून तो अंधारा बोगदा दिसतो, आणि दुसऱ्या तोंडाकडून काठीने फळी हळू हळू वाजवली. आरडाओरडा नाही, घाई नाही. आजारी मांजर उजेडाकडे पळत नाही, अंधाराकडे सरकतं. तो सरकला. दार पडल्यावर चादर काढायचा मोह सगळ्यांना होतो, तो आवरायचा, झाकलेलं मांजर शांत राहतं.

दवाखान्यात

पिंजऱ्यातच भूल दिली, मगच कुणी हात लावला. ताप ४०.३ अंश सेल्सियस निघाला (मांजराचं नॉर्मल ३८ ते ३९.२ च्या आसपास), अंगातलं पाणीही कमी झालेलं. शेपटीभोवतीचे केस काढल्यावर एक सोडून चार भोकं दिसली, वरच्या जबड्याची दोन आणि खालच्याची दोन. म्हणून केस काढल्याशिवाय जखमा मोजू नयेत. सर्वात खालच्या भोकाला डॉक्टर मॅडमनी चिरा वाढवला आणि पातळ, तपकिरी-गुलाबी पू आला, वास असा की खोलीतली दोघं बाहेर गेली. मग सलाइनच्या धारेने आतली पोकळी धुतली, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत.

काकूंनी विचारलं, "टाके का नाही घातले हो?" प्रश्न बरोबर आहे, एवढी मोठी उघडी जखम बघून कुणालाही वाटेल. पण घाण जखम शिवली की पुवाला बाहेर यायची वाट बंद होते आणि गळू परत भरतं. रबरी नळी टाकून ठेवायचाही एक प्रकार असतो, पण ती तीन ते पाच दिवसांत काढावी लागते, म्हणजे परत भूल, आणि तोवर बोक्याने ती ओढून काढलेलीच असणार. म्हणून खालचा चिरा मोठा ठेवला, पू आपल्या वजनाने वाहून जाईल असा, आणि जखम आतून भरत येऊ दिली.

अँटिबायोटिकचा निर्णय रंगला. अशा गळवाला साधारण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट गोळीने देतात, पण भुऱ्याच्या तोंडात गोळी घालणार कोण? खाण्यात मिसळली तर कडू लागते, अर्धी वाटी तशीच राहते, आणि अर्धवट कोर्स सगळ्यात वाईट. दुसरा पर्याय सेफोव्हेसिन, एका इंजेक्शनचा परिणाम साधारण दोन आठवडे. त्याची दुसरी बाजू अशी की एकदा दिलं की परत घेता येत नाही, रिअॅक्शन आली तरी औषध कित्येक आठवडे अंगात राहतं, आणि ते तसं वरच्या दर्जाचं अँटिबायोटिक आहे, ऊठसूट वापरायचं नाही. मॅडमचं म्हणणं, हात लावू देणाऱ्या मांजराला मी हे दिलं नसतं, याला देते. मला हे पटलं. दुखण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन दिलं, मेलॉक्सिकॅम त्या दिवशी टाळलं, कारण अंगात पाणी कमी असताना ते किडनीवर येतं.

नसबंदी त्याच भुलीत उरकावी का, हाही प्रश्न होता. एकाच पकडीत सगळं बसवायचं तर मोह होतोच, आणि काही ठिकाणी करतातही. मॅडमनी नको म्हटलं: एवढा ताप, पाणी कमी, भूल जितकी लवकर संपेल तितकं बरं. तसेही १० दिवस आत राहणारच होता, मग नसबंदी सोडायच्या आधी. रेबीजची लसही तेव्हाच, कारण निरीक्षणाच्या दिवसांत लस दिली आणि त्यानंतर बोका मलूल झाला, तर ते लसीमुळे की आजारामुळे हे सांगता येत नाही.

टेस्टचा पेच

भूल असताना एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू कमी करणारा विषाणू) आणि ल्युकेमिया (मांजरांचा ल्युकेमिया विषाणू) यांची जोडटेस्ट केली. ल्युकेमिया निगेटिव्ह, एफआयव्ही पॉझिटिव्ह.

काकू रडायलाच लागल्या, काळ्याने दिलं असं त्यांना वाटलं. तसं नव्हतं. एफआयव्हीची ही टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं, शोधते, त्या तयार व्हायला आठवडे लागतात, बहुतेक मांजरांत ६० दिवसांपर्यंत. चार-पाच दिवसांपूर्वीच्या चाव्याची लागण आज दिसूच शकत नाही, म्हणजे हे भुऱ्याच्या जुन्या मारामाऱ्यांचं देणं. उलट धोका काळ्याला होता, झटापटीत भुऱ्याही त्याला चावला असेल तर, कारण एफआयव्ही पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून. माणसाला तो होत नाही. आणि ल्युकेमियाची निगेटिव्हही या चाव्यापुरती काहीच सांगत नाही, त्यासाठी पुन्हा टेस्ट लागते, जी इथे होणं कठीण.

कुणीतरी "मग झोपवूनच टाका" म्हणालं. मॅडमनी सरळ नाही म्हटलं: नुसती टेस्ट पॉझिटिव्ह हे कारण होऊ शकत नाही, अशी मांजरं वर्षानुवर्षं नीट जगतात, शिवाय ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, दुसऱ्या पद्धतीने पक्की केलेली नाही.

दुसरा प्रस्ताव काकूंचाच, त्याला घरात घ्यायचा. एका वाटीत खाल्ल्याने एफआयव्ही सहसा पसरत नाही, भांडण न करणारी मांजरं एकत्र राहू शकतात. पण हा माणसाळलेला नाही आणि घरात म्हातारी मांजर आहे, जी आपली जागा सोडणार नाही. चावाचावी होणार हे धरूनच चालायला हवं होतं. म्हणून ठरलं, नसबंदी करून त्याच्याच जागेवर सोडायचा आणि म्हातारीला आत ठेवायचं.

माझं वैयक्तिक मत, ज्या टेस्टच्या उत्तराने आपण काहीच वेगळं करणार नाही ती करू नये, आणि बाहेरच्या मांजरांच्या नसबंदी मोहिमांत म्हणूनच बऱ्याच ठिकाणी ती करत नाहीत. इथे मात्र तिने घरात घ्यायचा प्रश्न सोडवला, त्यामुळे उपयोग झाला.

आतले दिवस

रिकामी खोली, त्यात कुत्र्याचा मोठा पिंजरा, अर्ध्या भागावर चादर, आत लपायला आडवा पुठ्ठ्याचा खोका. शी-शूच्या ट्रेमध्ये लिटरऐवजी (मांजरांसाठी मिळणारे दाणे) फाडलेले कागद, कारण दाणेदार लिटर उघड्या जखमेत चिकटतं. खिडकीला जाळी, आणि ही जाळी मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते: उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसात अळ्या होऊ शकतात. जखम चाटू नये म्हणून लावतात ती गळ्यातली शंकूसारखी कॉलर लावली नाही, असा बोका त्यात घाबरून स्वतःला इजा करून घेतो. तो जखम चाटत होता, पण चिरा वाहता राहिला तोवर मॅडमना ते चालणार होतं.

जखम रोज हाताने धुवायचा प्रश्नच नव्हता. काकू एकच करायच्या, सकाळी टॉर्च मारून फोटो. खाल्लं किती, शी-शू झाली का, सूज उतरतेय का, वास येतोय का. दुसऱ्या दिवशी त्याने वाटी चाटून पुसून संपवली तेव्हा निम्मं टेन्शन गेलं. काळ्यावरही पहारा होता, तो रोज दिसतोय, नीट खातोय हे बघायला, कारण भुऱ्याला चावणारा तोच.

निष्कर्ष काय निघाला

१० दिवसांत भुऱ्याला काही झालं नाही, भाच्याचं बोटही उतरलं. पुढची लस किती घ्यायची ते त्याच्या डॉक्टरांनी ठरवलं. त्यानंतर दुसऱ्या भुलीत नसबंदी, रेबीजची लस, नसबंदी झाल्याच्या ओळखीसाठी डाव्या कानाचं टोक कापलं. जखम तोवर लालसर मऊ मांसाने भरत आलेली, कडा आत ओढल्या गेलेल्या. सोडला तो खायच्या वेळेला, काकूंच्या पायरीजवळ. पहिले दोन दिवस फिरकला नाही, मग परत वाटीवर. आता चार पावलांऐवजी सहा पावलं मागे सरकावं लागतं एवढाच फरक. नसबंदीनंतर भांडखोरपणा उतरायला काही आठवडे लागतात, लगेच संत होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

लंगडणारा, नसबंदी न झालेला, आदल्या रात्री भांडलेला बोका म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत चावाच, असं धरलं असतं तर खाणं सुटायच्या आधी, भूक असताना पिंजरा लावता आला असता. तो एक दिवस फार मोलाचा होता. टॉवेलचा प्रसंगही टळला असता, कारण तो घाईतून झाला. जाड हातमोजे असते तर, असं बरेच जण म्हणतात, पण सुळे त्यातूनही जातात आणि बोटांना अंदाज राहत नाही, त्यामुळे माझा त्यावर फारसा भरवसा नाही.

दोनदा भूल देणं टाळता आलं असतं का, यावर आमचं एकमत नाही. भाचा चावला गेला नसता तर बोका दोन दिवसांत सुटला असता, आणि मग नसबंदी त्याच भुलीत धोका पत्करून करायची की सोडून द्यायची, हा प्रश्न खरोखर अवघड झाला असता. मी तेव्हाही थांबायलाच सांगितलं असतं, खोली मिळत असेल तर.

काळ्याचं बाकी आहे. त्याच्यासाठी पिंजरा दार बांधून उघडाच ठेवलाय आणि काकू त्याचं खाणं आतच ठेवतात. तो आत जाऊन खातो, पण नसबंदीची तारीख हातात येईपर्यंत दोरी सोडायची नाही असं ठरलंय, आणि एफआयव्हीची टेस्ट करायचीच झाली तर ६० दिवस उलटल्यावर.